पाठमोरं बसायचं

बाजारातल्या वळणावर दोन खुर्च्यांचं एक सलून होतं, आणि त्याच्या मालकाचा आवाज दुकानाच्या आधी भेटायचा. नव्या माणसानं पत्ता विचारला की लोक सांगायचे, सरळ जा, जिथं कोणी स्वतःची तारीफ करताना ऐकू येईल तिथं थांब.

मालकाला त्याचं वाईट वाटत नसे. त्याला सगळे थोरला म्हणायचे, कारण दुसऱ्या खुर्चीमागे त्याचा धाकटा भाऊ उभा असायचा. "तारीफ करण्यासारखं आहे म्हणून करतो," थोरला म्हणायचा. "ज्याच्या गाठीला काही नाही त्यानं गप्प बसावं." शिक्षण म्हणाल तर सातवी. सातवीत गणितानं त्याला सोडलं की त्यानं गणिताला, याबद्दल तो दोन्ही बाजूंनी बोलायचा. पण वस्तरा असा फिरवायचा की दाढी निम्मी व्हायच्या आत गिऱ्हाईक घोरायला लागायचं. एका न्यायाधीशाची मिशी त्यानं वाचवली होती म्हणे. कोणापासून वाचवली, ते दर वेळी बदलायचं.

हे सगळं सांगून झालं की तो वस्तरा धाकट्याकडे रोखायचा. "पण हा बघा. माझा हात चांगला, याचा हात सोन्याचा. आणि शिकवलंय कोणी? मी. लाकडी खोक्यावर उभा करून शिकवलंय."

हे मात्र खरं होतं. आईबाप गेले तेव्हा धाकटा खुर्चीच्या पाठीएवढाही नव्हता. थोरल्यानं त्याला खोक्यावर उभं केलं, हातात कात्री दिली आणि पहिली कटिंग स्वतःच्या डोक्यावर करून घेतली. ते कुरतडलेलं डोकं घेऊन तो बाजारभर फिरला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, नवी फॅशन आहे, इकडे पोचायची आहे अजून.

धाकटा फार कमी बोलायचा. थोरल्याच्या बायकोला सगळा बाजार वहिनी म्हणायचा. ती म्हणायची, "तुमच्या आईबापांनी घरात बोलणं एकाच्याच वाट्याचं ठेवलं होतं. ते तुम्ही आधी येऊन उचललंत. भावजींना काय उरणार?" धाकटा यावरही नुसता हसायचा. लग्न त्यानं केलं नाही. दुकानामागच्या खोलीत राहायचा, जेवायला वर वहिनीकडे.

एके दिवशी दुकानात एक नर्सबाई आल्या. नोकरीतून मोकळ्या झाल्यावर त्यांनी गावाच्या कडेला बेवारस कुत्र्यांचा निवारा काढला होता. जुने टॉवेल असतील तर द्या म्हणाल्या, कुत्र्यांना अंथरायला. थोरल्यानं टॉवेलांची चळत काढली आणि त्यांतल्या कुठल्या टॉवेलानं कोणा मोठ्या माणसाचं तोंड पुसलंय ते सांगायला लागला. बाई कशाबशा दारापर्यंत पोचल्या तेव्हा धाकट्यानं विचारलं, "त्यांचे केस कोण कापतं?"

"कोण कापणार बाबा. जटा झाल्या की आम्हीच धरून तोडतो. ती ओरडतात, आम्ही रडतो."

पुढच्या सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, धाकटा आपली पेटी उचलून निवाऱ्यावर गेला. मग दर सोमवारी.

"गावातल्या माणसांची डोकी संपली काय?" थोरला म्हणाला. पण एकदा बघायला म्हणून गेला आणि दारातच उभा राहिला. केसाळ कुत्रं रस्त्यावर आलं की त्याचे केस गुंतत जातात, गुंत्याचा जाड थर होतो आणि तो थर कातडीला ओढत राहतो. पाय उचलला की काख ओढते, मान वळवली की कान ओढतो. शेवटी कुत्रं हलायचंच सोडून देतं. धाकटा अशा कुत्र्याशेजारी जमिनीवर बसायचा. जटेखाली आधी बोट सरकवायचा, बोटाच्या जागी कंगवा आणि कंगव्यावरून मशीन. मशीनचं पातं तापतं, म्हणून ते तो अधूनमधून स्वतःच्या मनगटाला आतून लावून बघायचा. मनगटावर लाल रेघा उठलेल्या असायच्या. मशीनच्या घुरघुरीला भिणारं जनावर असलं तर नुसती कात्री, अख्खी दुपार. मग सगळी जट कोटासारखी उतरून पडायची आणि आतून भलतंच लहान कुत्रं निघायचं. ते उभं राहायचं, एक पाऊल टाकायचं, आणि आता काहीच ओढत नाही हे कळून थबकायचं.

"ते थबकणं बघायला येतो मी इथं," धाकटा म्हणाला.

थोरला त्या दिवशी परत येताना गप्प होता. घरी पोचेपर्यंत त्याला सगळं आपलंच वाटायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी आरशाच्या कडेला फोटो लागले, जटा असतानाचं कुत्रं आणि जटा उतरल्यावरचं. आणि थोरल्यानं आपली युक्ती काढली. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासायचा, मान मागे टेकवायची, गळ्याशी वस्तरा न्यायचा, आणि मग विषय काढायचा.

"घरात कोणकोण असतं तुमच्या? अंगण आहे? मग एक कुत्रं का नाही? तो फोटो बघा. डोळे बघा तिचे. बोलू नका, कापेल."

तोंडाला फेस लागलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. टॉवेलानं तोंड पुसेपर्यंत त्याचं निवाऱ्यावर जायचं ठरलेलं असायचं. अशी किती कुत्री त्या खुर्चीवरून घरी गेली. ज्याला कुत्रं शक्य नाही त्यालाही थोरला सोडत नसे. "पाळता येत नाही ना? हरकत नाही. गाडी आहे? मग सोमवारी त्या तीन पायांच्याला डॉक्टरकडे ने." शिंपी उरलेल्या कापडांच्या गाद्या शिवायला लागला. टपालवाला सुट्टीच्या सकाळी कुत्री फिरवून आणायला लागला. "सगळ्यांना सगळं येत नाही," थोरला म्हणायचा, "पण ज्याला काहीच येत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. आणि हे सुरू कुठून झालं? या दुकानातून. या पोरापासून."

जे कुत्रं ताबडतोब कुठं जाण्यासारखं नसायचं ते धाकटा मागच्या खोलीत आणून ठेवायचा. जखमा भरेपर्यंत, माणसांची सवय होईपर्यंत. वहिनी त्याला हातउसनं कुत्रं म्हणायची. हातउसनं आज आहे, उद्या परत करायचं. धाकट्यानं कधी एकालाही धरून ठेवलं नाही. नेणाऱ्याच्या हातात दोरी द्यायचा, खाली बसून कुत्र्याच्या कानामागे एकदा खाजवायचा आणि आत जाऊन भांडी घासत बसायचा. त्या दिवशी भांडी फार वेळ घासली जायची.

आणि मग घोंगडी आली.

नाव थोरल्यानंच ठेवलं, कारण तिच्या अंगावरून जी जट उतरली ती खरंच घोंगडीसारखी एकसंध होती. आत एक म्हातारी, हाडकुळी, राखाडी कुत्री. कोणीतरी तिला पुष्कळ वर्षं मारलं असावं, आणि मारताना ओरडत असावं. कारण कोणाच्या हातात काठी दिसली तरी ती एवढी भ्यायची नाही, पण पुरुषी आवाज चढला की पोट जमिनीला टेकवून सरपटत कुठंतरी शिरायची आणि थरथरत राहायची.

अशा कुत्रीच्या नशिबात हेच दुकान यावं. थोरल्यानं तोंड उघडलं की ती भांडी धुवायच्या मोरीच्या ओट्याखाली.

"सगळं गाव माझं बोलणं ऐकायला येतं," थोरला म्हणायचा, "आणि ही बया कानात बोळे घालायला जागा शोधते."

"दादा, जरा हळू."

"हळू बोलायला मी काय चोर आहे?"

बघायला लोक यायचे, घोंगडी मोरीखालून बाहेर यायचीच नाही. लोक दुसरं कुत्रं घेऊन जायचे. बाकीची हातउसनी आली आणि गेली, घोंगडी राहिली. रात्र झाली, शटर खाली आलं, थोरला वर गेला, की ती बाहेर येऊन धाकट्याच्या पावलांवर हनुवटी टेकवायची. हे थोरल्याला वहिनीकडून कळलं. त्यानं स्वतः कधी बघितलं नव्हतं. तो असला की ती तशी बसायचीच नाही.

त्याच सुमारास निवाऱ्यातून एक कुत्रं निसटलं आणि बंद गोदामाच्या आवारात जाऊन लपलं. लोक हाका मारत होते, बिस्किटं दाखवत होते, ते आणखी आत जात होतं. धाकट्यानं सगळ्यांना लांब केलं. मग आवारात जाऊन कुत्र्याकडे पाठ करून बसला आणि निवांत पाव खायला लागला. थोरला फाटकाबाहेर.

"रुसलेल्या नवऱ्यासारखा काय बसलायस? हाक मार की."

धाकट्यानं बोटानंच गप्प राहा म्हणून सांगितलं. बराच वेळ गेला. मग ते कुत्रं भिंतीच्या कडेनं आलं आणि त्याच्या कोपराला नाक लावलं.

येताना धाकट्यानं समजावलं. त्याच्या मानानं ते भाषणच होतं. "घाबरलेलं जनावर स्वतःचं नावसुद्धा ओळखत नाही दादा. हाक ऐकली की त्याला वाटतं, सापडलो. आपण बघितलं की ते पळतं. पाठमोरं बसायचं. मग त्याला आपल्याकडे बघता येतं. बघून बघून त्याचं तेच ठरवतं."

"आणि नाही ठरवलं तर?"

"तर उद्या परत जायचं बसायला."

धाकट्याचं पोट दुखायला लागलं ते त्या वर्षाच्या शेवटी. आधी कोणाला सांगितलंच नाही. थोरल्याच्या लक्षात आलं ते कात्रीवरून. कटिंग करता करता तो मधेच थांबून खुर्चीच्या पाठीला धरायचा. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि त्यामानानं मुदत फारच आखूड सांगितली. थोरला डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, आमच्या घराण्याची हाडं तुम्हाला माहीत नाहीत." इस्पितळाच्या वऱ्हांड्यात बसून तो इतर रुग्णांच्या नातेवाइकांनासुद्धा सांगायचा, माझा भाऊ आहे आत, असातसा नाही, लवकरच उठून तुमच्या माणसाची दाढी करून देईल बघा.

धाकट्याची दाढी रोज थोरला स्वतः करायचा. गाल आत गेल्यामुळे वस्तरा जपून फिरवावा लागायचा. एकदा फेस लावलेला असतानाच धाकटा बोलायला लागला.

"बोलू नको, कापेल."

"कापू दे. दादा, घोंगडीला घर बघ. चांगलं. ज्या घरात आवाज नाही असं."

"तिची कसली काळजी? मी आहे ना."

धाकटा हसला. फेसातून दात दिसले. "तुझ्याच घराबद्दल बोलतोय मी."

थोरल्यानं वस्तरा टॉवेलाला पुसला. मग म्हणाला, "असं घर बघतो, अख्खं गाव नाव काढेल."

"गावानं नाव काढायला नको. गप्प घर हवंय फक्त."

"दिला शब्द."

धाकटा गेला तो दोन दिवसांनी. शेवटच्या दर्शनाला एवढी माणसं आली की रस्ता भरला, आणि त्यांतले पुष्कळ जण आपापली कुत्री घेऊन आले होते. थोरला रडला नाही. तो लोकांना दाखवत होता, ती बघा, ती जटाळ होती, ओळखू येते का, त्या पिवळ्याचे कान बघा, माझ्या भावानं वाचवलेत. लवकरच त्यानं दुकान उघडलं आणि पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागला. त्याच्या सांगण्यात अंत्ययात्रेची गर्दी गिऱ्हाइकागणिक वाढत गेली. दुसरी खुर्ची त्यानं पुसून ठेवली होती, तिच्यावर कोणाला बसू देत नव्हता. "तुम्ही एकदा रडून घ्या," वहिनी म्हणाली. "मला काय झालंय?" तो म्हणाला.

घोंगडी खात नव्हती. दुसऱ्या खुर्चीखाली पडून राहायची, थोरला बोलला की मोरीखाली, गप्प झाला की परत खुर्चीखाली. दिवसभर तिच्या अशा चकरा चालायच्या.

घर सापडलं. दोन गल्ल्या पलीकडे घड्याळं दुरुस्त करणारा एक एकटा म्हातारा होता. धाकट्याच्या खुर्चीवरच बसायचा, कारण ती खुर्ची गप्प होती. त्याच्या दुकानात टिकटिक सोडून आवाज नाही, आणि बोलतानासुद्धा तो कोणाचं तरी मूल झोपलंय असं बोलायचा. तो चार-पाच संध्याकाळी येऊन नुसता घोंगडीजवळ बसला. शेवटी म्हणाला, "मला चालेल. तिला चालत असेल तर." धाकट्यानं स्वतः शोधलं असतं तर हेच घर शोधलं असतं. थोरल्याला वाटलं, शब्द पाळला. आणि थोरल्याला काही वाटलं की ते पोटात राहत नाही.

ज्या दिवशी घड्याळवाला न्यायला आला त्या दिवशी थोरल्यानं अर्धा बाजार बोलावून ठेवला होता. शिंपी, टपालवाला, नर्सबाई, जुनी गिऱ्हाइकं. घड्याळवाल्यानं दार लावून घ्यायला सुचवलं. "दार कशाला लावता? बघू दे लोकांना," थोरला म्हणाला. घोंगडीचा पट्टा घड्याळवाल्याच्या हातात. न खाऊन खाऊन मान बारीक झालेली, पट्टा सैल. धाकटा असता तर त्यानं दोन बोटं घालून बघितलं असतं, एक भोक आवळलं असतं. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

थोरला दोन्ही खुर्च्यांच्या मधे उभा राहिला. "ही माझ्या भावाची शेवटची," तो म्हणाला, आणि म्हणताना आवाज चढला. बहुतेक तो फुटू नये म्हणूनच त्यानं चढवला. "हिला घर बघ असं मला म्हणाला होता. आणि तुमच्या सगळ्यांदेखत सांगतो, या थोरल्यानं आजवर दिलेला शब्द..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घोंगडी मागे सरकली, डोकं खाली घातलं, पट्ट्यातून मान काढली आणि लोकांच्या पायांतून बाहेर गेली.

घड्याळवाल्याच्या हातात पट्टा तसाच लोंबत राहिला.

मग थोरल्यानं त्याला जे येत होतं ते केलं. दुकानं बंद करायला लावली, चारी दिशांना माणसं पाठवली, आणि स्वतः रस्त्यारस्त्यानं हाका मारत सुटला. "घोंगडी. ए घोंगडी." त्या आवाजाचा त्याला जन्मभर अभिमान होता, बाजाराच्या एका टोकाला मारलेली हाक दुसऱ्या टोकाला पोचायची. दुसऱ्या दिवशी टपालवाल्याला ती लाकडाच्या वखारीत दिसली, ओंडक्यांच्या फटीत. थोरला धावत गेला. ती दिसल्याबरोबर त्याला इतका आनंद झाला की सगळं बळ एकवटून त्यानं हाक मारली. घोंगडीनं त्याच्याकडे एकदा बघितलं. मग रस्त्यावर झेपावली. ट्रकनं करकचून ब्रेक मारला, धूळ उडाली, धूळ बसली तेव्हा ती पलीकडच्या झाडीत एक पाय उचलून धरत शिरताना दिसली.

थोरला घरी आला तेव्हा घसा बसला होता. वहिनीनं गरम पाणी दिलं आणि समोर बसली.

"भावजींनी काय सांगितलं होतं त्या गोदामातल्या कुत्र्याच्या वेळी?"

त्यानं पाण्याचा घोट घेतला.

"ती हरवली नाहीये. ती तुमच्या आवाजापासून पळतेय. दोन दिवस तुम्हीच तिला हाकलताय."

एवढंच ती बोलली, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. थोरला पाणी पिऊन उठला. मागच्या खोलीत जाऊन खुंटीवरचा धाकट्याचा एप्रन काढला. तो कोणी धुतला नव्हता. खिशात कंगवा होता, शिवणींत बारीक केस अडकले होते. माळ्यावरून ते लाकडी खोकंही काढलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. सोमवार नाही, घरात सुतक नाही आणि दुकान बंद, असा दिवस बाजारात कोणाला आठवत नव्हता.

रस्त्यापलीकडे, वखारीचा भुसा टाकतात तिथं, झाडीच्या तोंडाशी त्यानं खोकं ठेवलं, झाडीकडे पाठ केली आणि बसला. एप्रन मागे जमिनीवर पसरला, त्यावर उकडलेल्या मांसाचे तुकडे. टपालवाल्यानं वखारीतल्या कामगारांना त्या बाजूला जाऊ नका म्हणून सांगून ठेवलं. नर्सबाईंनी एकच सांगितलं, जागा बदलू नका, खाणं तिथंच ठेवा. घड्याळवाला दुपारी येऊन लांबच्या कोपऱ्यात बसायचा, तोही पाठमोरा. कोणी कोणाशी बोलत नसे. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. सकाळी जाऊन बघितलं तर मांस गेलं होतं, पण ते मांजरानंही नेलेलं असेल. मग पुन्हा बसणं. भुश्यात एकदा पावलांच्या खुणा दिसल्या, तीन खोल, एक हलकी. पुन्हा बसणं.

इतका वेळ थोरला आयुष्यात कधी गप्प बसला नव्हता. तोंड बंद ठेवलं की माणसाला आतलं ऐकू यायला लागतं. त्याला धाकट्याच्या कात्रीचा आवाज ऐकू यायचा. कामाला लागण्याआधी हवेत दोनदा वाजवायची ती सवय. इतकी वर्षं बाजूच्या खुर्चीपाशी तो वाजत होता आणि याच्या बोलण्याखाली दबून गेला होता. धाकटा आणखी काय काय सांगायला आला असेल आणि दादाचं बोलणं संपेना म्हणून परत गेला असेल, कोण जाणे. पोट दुखतंय हे तरी.

कधीतरी ऊन कलायला लागलं असताना मागे भुसा हलला. थोरल्याची मान वळायला निघाली, ती त्यानं वळू दिली नाही. हुंगण्याचा आवाज आला. एप्रनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खिशापाशी थांबून, पुन्हा पहिल्या टोकाला. खाण्याचा आवाज आलाच नाही. मग एक लांब कुंई आली, इतकी बारीक की ती तिला स्वतःलाही ऐकू जायला नको असावी. आणि त्याच्या कमरेला, मागून, काहीतरी उबदार आणि हाडकुळं टेकलं.

तेव्हा थोरला रडला. पण आवाज काढायची सोय नव्हती. तोंड उघडं, छाती हलतेय, गळ्याच्या शिरा ताठ, डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत, आणि आवाज नाही. पाठ हलली तर ती जाईल म्हणून पाठसुद्धा हलू द्यायची नाही. लांबच्या कोपऱ्यातून घड्याळवाल्यानं एकदा वळून बघितलं आणि पुन्हा पाठ केली. अंधार पडेपर्यंत ती तिघं तशीच होती.

थोरल्यानं तिला घरी आणलं. घड्याळवाला पट्टा त्याच्या हातात देऊन आपल्या वाटेनं गेला. तिचा पाय बांधून आणला. रात्री ती त्याच्या पावलांवर हनुवटी टेकवून झोपली. वहिनीनं जिन्यातून बघितलं आणि दिवा मालवला. आता ही इथंच, असं त्यानं मनात ठरवून टाकलं. दुकानात तो खाणाखुणांनी बोलायला लागला. गिऱ्हाइकांना वाटलं, घशाचं काहीतरी गंभीर आहे. घोंगडी दुसऱ्या खुर्चीखाली पसरून झोपायची. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी टपालवाला दाढीला बसला आणि सहज म्हणाला, "तो आंधळा कुत्रा आठवतो? त्याची जट कशी काढली होती हो धाकट्यानं?"

आणि थोरला सांगायला लागला. हळूच सुरुवात केली. पण ती जट डोळ्यांवरून कशी सोडवली, पातं कसं मनगटावर लावून बघितलं, असा हात दुसरा झालाच नाही, होणार नाही, डॉक्टरांनासुद्धा जमलं नसतं, या इथं माझ्या शेजारी उभा राहून शिकलेला पोर तो. किती दिवसांनी कोणी त्याच्याबद्दल विचारलं होतं. टपालवाल्यानं अंगावरच्या कापडातून बोट काढून खाली दाखवलं तेव्हा थोरल्यानं बघितलं. खुर्चीखाली ओलं झालं होतं. घोंगडी मोरीखाली भिंतीला चिकटून थरथरत होती.

त्यानं दाढी पूर्ण केली. फरशी स्वतः पुसली. मग मोरीकडे पाठ करून जमिनीवर बसला, ती बाहेर येईपर्यंत. पट्ट्यात दोन बोटं घालून बघितली, एक भोक आवळलं. एप्रनची घडी केली, काखेत धरली, आणि दोन गल्ल्या चालत गेला.

घड्याळवाल्यानं दार उघडलं. आत कोपऱ्यात गादी अंथरलेली होतीच. तिची वाट पाहत तशीच राहू दिलेली. थोरल्यानं गादीवर एप्रन पसरला, खिसा वरच्या बाजूला येईल असा. खाली बसून घोंगडीच्या कानामागे एकदा खाजवलं. सगळ्या भिंतींवर घड्याळं चालू होती. तिनं एप्रनवर गोल फिरून अंग टाकलं. थोरला उठला आणि एक शब्द न बोलता बाहेर आला. घरी जाऊन त्यानं सगळ्या वाट्या, कात्र्या, वस्तरे धुवायला काढले. वहिनीनं पाणी तापवून दिलं.

आता सोमवारी पेटी घेऊन तो जातो निवाऱ्यावर. त्याला वेळ लागतो, आणि एखादं कुत्रं ओरडतं. दुकानात बोलणं पूर्वीसारखंच चालतं, फेस लावला की कुत्र्यांचा विषय निघतोच. पण रोज सकाळी दूध आणायला तो त्या दोन गल्ल्यांतून जातो, बरोबर कोणीतरी असतं आणि तो बोलत असतो, अर्थातच भावाबद्दल. शिंप्याच्या दुकानापाशी आला की तो वाक्याच्या मधोमध थांबतो. बरोबरचा माणूस नवा असला तर विचारतो, काय झालं. थोरला बोट ओठांवर ठेवतो. घड्याळवाल्याच्या दारासमोरून दोघं पावलं न वाजवता जातात. आत अंथरलेल्या एप्रनवर राखाडी कुत्री झोपलेली असते. तिच्याकडे तो बघत नाही.

कोपरा वळला, की तो वाक्य जिथं सोडलं होतं तिथून उचलतो. "तर सांगत काय होतो, असा हात..."